बदललेले इंजिन आणि न बदललेला भाव

आमच्या महाविद्यालयातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गेल्या दिवाळीच्या सुमारास एक जुनी मोटार विकत घेतली. मोटार १९६५ सालची, फियाट ११०० या जातीची. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर अशी एखादी गाडी घेण्याचे मनात धरले होते. परंतु शिक्षकाच्या पगारात ते जमले नाही. वडिलांची ती इच्छा मुलाने सत्तरीकडे झुकताना, भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक रकमेला हात घालून, पूर्ण केली. मुंबईच्या एका दलालाने सव्वातीन लाख रुपयांना हा व्यवहार जुळवून दिला. ‘सगळं ओरिजिनल आहे, सर,’ हे त्याचे शब्द. गाडीची किंमत त्या एका शब्दावर ठरली होती, हे पुढे ध्यानात आले.

दोन महिन्यांनी कार्बोरेटरची किरकोळ तक्रार उद्भवली. ज्यांनी उभा जन्म फियाट टॅक्सी दुरुस्त करण्यात घालविला, अशा एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी इंजिनाच्या ठोकळ्यावरील रंगाचा थर खरवडला, त्यावर ठोकलेला क्रमांक वाचला, नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी ताडून पाहिला आणि शांतपणे सांगितले, ‘सर, हे इंजिन या गाडीचं नाही. हे वीस वर्षांनंतरच्या पद्मिनीचं आहे.’ गाडी उत्तम चालत होती, आजही चालते. तरीही त्या क्षणी तिच्या मालकाचे काही तरी हरवले होते. नेमके काय हरवले, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हौशी माणसाच्या या दुःखाकडे पाहून हसणे सोपे आहे. ज्याला जुनी मोटार परवडते त्याच्याबद्दल कारकुनाने वा शिक्षकाने हळहळ का करावी, असेही कोणी विचारील. परंतु या प्रकरणातील मोटार बाजूला काढून तिच्या जागी जुने घर, वापरलेली स्कूटर, बियाण्याची पिशवी किंवा औषधाची बाटली ठेवून पाहावी. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि किंमत मात्र घेणाऱ्याच्या अज्ञानावर ठरते, हे सूत्र सर्वत्र सारखेच आढळते. जुन्या मोटारीच्या बाबतीत ते अधिक स्पष्टपणे दिसते, इतकेच.

मूळ म्हणजे काय?

प्रथम एका प्रामाणिक शंकेचा विचार केला पाहिजे. साठ वर्षांच्या यंत्रात मूळचे असे काय उरते? टायर, घासपट्ट्या, बैठकांचे कापड, विजेच्या तारा, सारेच कधी ना कधी बदललेले असते. मग इंजिनाचेच एवढे कौतुक कशासाठी? हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याची चाके काय, आस काय, की दांडी? राजाला प्रत्येक वेळी नाही असेच म्हणावे लागते. रथ हे या साऱ्यांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातील नाव आहे, असा त्या संवादाचा निष्कर्ष. हा निष्कर्ष स्वीकारला तर आमच्या सहकाऱ्यांची तक्रारच निकालात निघते.

विशेष म्हणजे हाच प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे, पोकळ तत्त्वचर्चा म्हणून नव्हे तर एक कोटी पौंडांचा दावा म्हणून, उभा राहिला. वाद होता ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटले मोटारीचा. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो हा तिच्या चालकांपैकी एक होता. मूळच्या साडेसहा लिटरच्या इंजिनाऐवजी पुढे तिला आठ लिटरचे इंजिन बसविण्यात आले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन क्लाइव्ह डन्फी हा चालक मरण पावला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली, तिला बंद छपराचे नवे शरीर मिळाले, आणि कित्येक वर्षांनी तेही काढून शर्यतीच्या जुन्या धाटणीचे उघडे शरीर तिच्यावर चढविण्यात आले.

१९९० मध्ये हबर्ड नावाच्या मालकाने ही गाडी एका कंपनीला विकण्याचा करार केला. किंमत एक कोटी पौंड. मात्र आयत्या वेळी कंपनीने हात आखडता घेतला. जी गाडी ल मान्सला धावली तिचे यात काहीच उरलेले नाही, तेव्हा ही ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असा तिचा पवित्रा होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा एकेक भाग तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्या. १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीही शिल्लक नाही आणि १९३० च्या गाडीचे गिअरपेटीचे आवरण, सुकाणूचा दांडा असे मोजकेच भाग उरले आहेत, हे त्यांनी मान्य केले. आणि तरीही त्यांनी निकाल दिला तो विकणाऱ्याच्या बाजूने. बदल झाले ते टप्प्याटप्प्याने झाले, प्रत्येक टप्प्यावर गाडी तीच राहिली, तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

वरवर पाहता हा निकाल मुंबईच्या त्या दलालाला सोयीचा वाटेल. इंजिन बदलूनही बेंटले अस्सल ठरते, तर फियाट का नाही? परंतु निकालाचा आधार काय होता, ते पाहिले पाहिजे. बेंटलेच्या बाबतीत कोणते इंजिन कधी आणि कशासाठी बसविले, अपघात कोठे झाला, शरीर केव्हा बदलले, याचा माग काढता येत होता. तो उघडपणे मांडून त्यावर वाद घालता येत होता. म्हणजे न्यायालयाने गाडीचे अस्सलपण ठरविले ते तिच्या लोखंडावरून नव्हे, तर तिच्या सलग आणि ज्ञात इतिहासावरून. आमच्या सहकाऱ्यांच्या फियाटीत नेमका हाच इतिहास रंगाच्या थराखाली दडविला गेला होता. नागसेनांचा रथ नाव टिकवून भाग बदलू शकतो, हे खरे; पण भाग बदललेला नाही असे सांगून रथ विकण्याची मुभा त्या संवादातून मिळत नाही.

टंचाईच्या काळातील काटकसर

येथे आपल्याकडील परिस्थितीचा एक विशेष लक्षात घ्यावयास हवा. पाश्चात्त्य देशांतील शौकिनांमध्ये चासी, इंजिन आणि कारखान्याच्या नोंदी यांचे क्रमांक जुळण्याला अतोनात महत्त्व असते. आपल्याकडे मात्र इंजिन बदलणे हे दीर्घकाळ लबाडीचे नव्हे, तर शहाणपणाचे लक्षण होते. परवाना पद्धतीच्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११०० आणि तिचाच पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी यांचे इंजिन एकाच कुळातले, १०८९ घनसेंटिमीटरचे. जुने इंजिन थकले, की मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे आणून बसवीत आणि आणखी दहा वर्षे काढीत. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसविणारेही पुष्कळ निघाले.

हा सारा इतिहास काटकसरीचा आणि कारागिरीचा आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या मिस्त्रींनी एका गाडीचे हृदय दुसरीत बसवून ती चालती ठेवली, त्यांच्यामुळेच आज पाहावयास का होईना, या गाड्या शिल्लक आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. त्या टॅक्सींच्या इंजिनांची मोजदाद केली असती, तर मूळ इंजिनावर निवृत्त झालेल्या टॅक्सी किती निघाल्या असत्या?

दोष उत्पन्न होतो तो नंतर. कालची उपयोगाची वस्तू आज संग्रहाची वस्तू झाली आणि तिची किंमत ‘किती धावते’ यावरून ठरण्याऐवजी ‘किती मूळची आहे’ यावरून ठरू लागली. शासनानेही या नव्या मूल्याला मान्यता दिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज मोटारींच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांना ते लागू आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे इंजिनाचा क्रमांक ही आता केवळ अभिमानाची बाब राहिलेली नसून पैशाची आणि हक्काचीही झाली आहे. कालच्या काटकसरीला आज मूळपणाच्या भावाने विकणे, हा खरा अपहार होय.

लिंबू आणि खडे

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या ठिकाणी जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधाची आठवण होईल. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात ही ‘लिंबे’ चांगल्या गाड्यांना कशी हुसकून लावतात, हे त्यांनी दाखविले. प्रारंभी तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

युक्तिवाद साधा आहे. समजा, बाजारात शंभर जुन्या फियाट आहेत. त्यांतील पन्नास मूळ इंजिनाच्या, प्रत्येकी चार लाखांच्या योग्यतेच्या. उरलेल्या पन्नास बदललेल्या इंजिनाच्या, प्रत्येकी दोन लाखांच्या. वरून पाहून फरक कळत नाही. मग शहाणा गिऱ्हाईक सरासरी धरून तीन लाखांहून अधिक देणार नाही. परंतु चार लाखांची गाडी तीन लाखांना द्यायला तिचा मालक तयार नसतो. तो बाजारातून माघार घेतो. चांगल्या गाड्या कमी झाल्या की सरासरी घसरते, गिऱ्हाईक आणखी कमी भाव बोलतो, आणि शेवटी बाजारात उरतात ती केवळ ‘लिंबे’. असत्य बोलणारा एका गिऱ्हाइकाला फसवितो, असे आपण समजतो. वस्तुतः तो सत्य बोलणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याचा माल कवडीमोल करीत असतो. अप्रामाणिकपणाची ही किंमत फसवल्या गेलेल्या एका माणसाच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठी असते.

याच निबंधात अकरलॉफ यांनी भारतीय बाजाराचाही दाखला दिला आहे. मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगारूपाचे खडे वेचून काढणाऱ्या येथील गृहिणीचा त्यांनी उल्लेख केला आहे. आपल्या आया आणि आज्या दुपारी सुपात तांदूळ घेऊन बसत, त्या श्रमाचा हिशेब कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात धरला गेला नाही. विक्रेत्यावर विश्वास नसल्यामुळे समाजाला भरावा लागणारा तो करच होता. पिशवीबंद निवडलेल्या तांदळाला आज आपण जो जादा पैसा देतो, तो त्या कराचीच आधुनिक पावती आहे. जुन्या मोटारीच्या बाजारात मात्र अजून प्रत्येकाला स्वतःच खडे वेचावे लागतात, आणि ते ओळखणारी नजर फारच थोड्यांपाशी असते.

कायद्याचे मौन

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याची उदाहरणे आहेत. लिलावात कोणी सदोष घोडा विकला आणि दोषाबद्दल चकार शब्द काढला नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. केवळ मौन हा अपराध नव्हे. परंतु घेणाऱ्याने, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन,’ असे म्हटले आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच बंधनकारक ठरते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणात घोड्याच्या जागी इंजिन घातले, की प्रत्येक खरेदीदाराला करावयाचे काम स्पष्ट होते. प्रश्न विचारला पाहिजे, आणि तोही लेखी.

शिवाय १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. ‘मूळ इंजिनाची गाडी’ हे वर्णन कागदावर असेल तर विकणाऱ्याला पळवाट उरत नाही. व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. करार कायद्याचेच एकोणिसावे कलम बजावते, की विक्रेत्याच्या मौनामुळे वा चुकीच्या विधानामुळे संमती दिली गेली, तरी साधारण सावधगिरीने सत्य समजण्यासारखे असेल, तर खरेदीदाराला करार रद्द करता येत नाही. ठोकळ्यावरचा क्रमांक वाचणे ही साधारण सावधगिरी की असाधारण? हेतुपुरस्सर खोटे बोलणाऱ्याला या अपवादाचा आसरा नाही, हे खरे. परंतु ते खोटे तोंडी असेल तर ते सिद्ध कसे करावयाचे? आमच्या सहकाऱ्यांपाशी दलालाचा शब्द होता, कागद नव्हता. ‘जुनी वस्तू, जशी आहे तशी घेतलीत; आणि गाडी पळते ना?’ एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

मामला येथेच थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमानुसार इंजिनातील बदलाची नोंद परिवहन कार्यालयात व्हावी लागते. आधीच्या कोणत्या तरी मालकाने ती केली नाही आणि तिचा भार शेवटच्या मालकावर आला. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक जुळला नाही, तर जाब त्यालाच द्यावा लागणार. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. ते इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले, तर पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरेही त्यानेच द्यावयाची. एका माणसाच्या आळसाची किंवा लबाडीची शिक्षा पाचव्या माणसाला, अशी ही विचित्र न्यायव्यवस्था आहे.

उपाय काय?

उपाय अवघड नाहीत. पहिला खरेदीदाराच्या हातातला आहे. पैसे देण्यापूर्वी चासी आणि इंजिन या दोहोंचे क्रमांक स्वतः वाचावेत, नोंदणीपुस्तकाशी ताडावेत, विक्रेत्याचा संबंध नसलेल्या मिस्त्रीला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्यावे, आणि ‘इंजिन मूळचे आहे’ किंवा ‘बदललेले आहे’ असे एक वाक्य विक्रीच्या कागदावर लिहून घ्यावे. जो हे वाक्य लिहायला कचरतो, त्याचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

दुसरा उपाय शासनाचा. वापरलेल्या गाड्यांच्या दलालांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणे १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्याच्याच जोडीला दलालाने इंजिनाचा प्रत्यक्ष क्रमांक तपासून तसा दाखला ग्राहकाला द्यावा, असे बंधन घालावयास हवे. तिसरा आणि अधिक महत्त्वाचा उपाय म्हणजे बदल कबूल करणाऱ्याचा मार्ग सुकर करणे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बदललेल्या इंजिनाची पावती आज कोणी कोठून आणावी? जुन्या गाड्यांच्या मालकांना एकदाच मुदत द्यावी. इंजिन चोरीचे नाही याची पोलिसांकडून खातरजमा करून, माफक शुल्कात खरा क्रमांक नोंदवून घ्यावा. सत्य सांगणे महाग आणि लपविणे स्वस्त, असा हिशेब जेथे असतो, तेथे लोक सत्य सांगतील ही अपेक्षा अर्थशास्त्राला धरून नाही.

आमच्या सहकाऱ्यांचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण त्यांची गाडी पाहावयास आला. ती त्याला फार आवडली, आणि सव्वातीन लाखच नव्हे, तर वर दहा-पंधरा हजार देण्याचीही त्याची तयारी होती. त्याने इंजिनाबद्दल काहीही विचारले नाही. सतराव्या कलमाप्रमाणे गप्प राहण्याची मोकळीक आमच्या सहकाऱ्यांना होती; शिवाय स्वतः फसलेल्या माणसाला तेवढी सवलत जग देतेच. त्यांनी बॉनेट उघडले, खरवडलेली जागा दाखविली आणि दोन्ही क्रमांक त्याला वाचावयास लावले. तरुणाने आभार मानले आणि तो निघून गेला. गाडी अजून त्यांच्या दारात उभी आहे.

या व्यवहारात त्यांचे लाख-दीड लाख रुपयांचे नुकसान झाले, असे कोणी म्हणेल, आणि हिशेबाच्या वहीत तसेच लिहावे लागेल. परंतु त्या गाडीच्या इतिहासात दडलेली गोष्ट त्या दिवशी प्रथमच घेणाऱ्यापुढे उघडपणे मांडली गेली. ज्या बाजारात असे विक्रेते दुर्मिळ असतात तेथे प्रत्येक गिऱ्हाइकाला आयुष्यभर खडे वेचत बसावे लागते, आणि जेथे ते वाढतात तेथे खडे वेचण्याचे श्रम वाचतात. त्या सद्गृहस्थांना एकट्यालाच हा तोटा सोसावा लागू नये, एवढी तजवीज करणे मात्र कायद्याचे आणि तुमचे-आमचे काम आहे.